नेम चुकवायला शिकलेली बंदूक

भोरहून सुटलेली एसटी नसरापूर मागे टाकून वेल्ह्याच्या रस्त्याला लागली की मी खिडकीची काच सरकवते. भाद्रपद सरत आलेला असतो. पाऊस असतो, पण आता तो पाहुण्यासारखा येतो आणि उन्हाला जागा देऊन निघून जातो. दोन्ही अंगांची भातखाचरं निसवायला लागलेली असतात. कोवळ्या लोंब्या पानांच्या पोटातून नुकत्या वर आलेल्या, त्यांच्यावर पांढुरका फुलोरा. कुठेतरी आंबेमोहोर लावलेला असतो आणि मग तो वास येतो. शिजत्या भाताचा म्हणावा तर तसा, ओल्या मातीचा म्हणावा तर तसाही. शेजारची बाई म्हणते, "ताई, लावा की काच, पानी येतंय." मी अर्धी लावते. अर्धी उघडीच ठेवते.

या वासाबरोबर मला दरवर्षी आणखी एक वास आठवतो. रंगाच्या गोळ्यांचा. औषधाच्या कॅप्सूलसारखं मऊ आवरण, आत पिवळा नाहीतर गुलाबी रंग, आणि डबा उघडला की खोबरेल तेल आणि नवं प्लास्टिक यांच्या मधला काहीतरी गोडसर वास. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत गुंजवण्याच्या आमच्या घरात, पडवीतल्या फळीवर त्या गोळ्यांचे चार डबे होते. आणि खाचराच्या बांधावर एक बंदूक होती, जी वानरांकडे आपली आपण वळायची आणि त्यांच्या दिशेने रंग उडवायची. ती मी बनवली होती. बनवली ती आईच्या घशासाठी.

त्या श्रावणात मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन घरी आले. आईने विचारलं, "किती दिस?" मी म्हटलं, "रजा आहे भरपूर, साठलेली." पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी चौदा वर्षं काम केलं तो दुसऱ्या राज्यात हलला होता आणि आमच्या लाइनवरच्या सगळ्यांना घरी पाठवलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. धरणात अर्धी जमीन गेल्यावर उरलेली डोंगराखालची तीन खाचरं आई एकटी करत होती. तिच्यापुढे आणखी एक रिकामा माणूस म्हणून उभं राहायची मला लाज वाटली.

आईचा आवाज म्हणजे आमच्या वाडीची खूणच होती म्हणा ना. पलीकडच्या वाडीतल्या बाईला ती आपल्या दारातून हाक मारायची आणि ती बाई ओ द्यायची. मध्ये ओढा, दोन शेतं आणि एक टेकाड. विहारात बुद्धवंदना तीच सांगायची. पावसाच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं, ते गेली वीसेक वर्षं तीच करत होती. सातवी शिकलेली बाई, पण वाचायला बसली की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही एक शब्द चुकायचा नाही. आणि भात दुधात आलं की हाच आवाज दिवसभर वानरांवर खर्च व्हायचा. उजाडल्यापासून ती बांधावर उभी. "हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ!" वानरं राजगडाच्या अंगाने उतरायची, वीस-पंचवीसांचा कळप, पिल्लं पोटाला लावून. एक कळप पाच मिनिटं खाचरात बसला तर सबंध कोपरा चिपाड होतो. दाणा दुधात असताना ती लोंबी तोंडातून ओढतात, चीक पितात आणि बाकीचं टाकून देतात.

मी आले तेव्हा आईचा आवाज अर्धा उरला होता. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच नुसती हवा यायची. तिने गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध घेतलं. मी तिला भोरला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक नळी आत घालून त्यांनी पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर घट्ट्यासारख्या गाठी.

"काय करता तुम्ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "गाणं? शिकवणं?"

"वानरं हाकलते," आई म्हणाली. अर्धी हवाच.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त ताण येतो. गाठी बसल्या तर ठीक, नाहीतर पुण्याला शस्त्रक्रिया. आणि असंच ओरडत राहिलात तर आवाज जाईल. कायमचा."

एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली. मार्गासनीला उतरून आम्ही वडाप जीपची वाट बघत होतो तेव्हा दुकानातून तिने एक वही आणि दोन पेनं घेतली. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, "भात कोण राखनार?"

मी राखणार होते. तीन दिवस राखलं. वानरांना माझा आवाज ऐकून काय वाटलं कुणास ठाऊक, पण मोठा हुप्प्या बांधावर बसून माझ्याकडे बघत हळव्या भाताची लवकर निसवलेली लोंबी खात होता, हे मी विसरणार नाही. चौथ्या दिवशी माझाही घसा बसला. आईने ताट वाजवलं, पत्रा वाजवला. पत्र्याला वानरं पहिल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी नुसती उठून बसली. पाचव्या दिवशी मी पडवीत होते आणि आईला बांधावर बघितलं. कळप खाचरात उतरत होता. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तशीच उभी राहिली. वानरं तिच्या समोर खात होती.

त्याच दुपारी मी कामथडीला विलासदादाकडे गेले. विलासदादा माझा आतेभाऊ. महामार्गाजवळ एक खेळाचं मैदान होतं, शहरातली माणसं सुटीच्या दिवशी येऊन चिलखत-चष्मे घालून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायची. दादा तिथला सगळा कारभार बघायचा. मैदान बंद झालं तेव्हा मालक दोन जुन्या बंदुका आणि उरलेल्या गोळ्या त्यालाच देऊन गेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माळ्यावरून बंदूक काढली, पुसली आणि विचारलं, "वानरामागं तू पळनार हाईस का ही घेऊन?"

"नाही. ती स्वतःच वळली पाहिजे."

दादाने बंदूक बाजूला ठेवली. "चहा घे आधी," म्हणाला.

कारखान्यात माझं काम कॅमेऱ्यापाशी होतं. गाड्यांच्या कुलपांचे भाग पट्ट्यावरून पुढे सरकायचे, वरचा कॅमेरा बघायचा, स्क्रू बसलाय की नाही ते संगणक ठरवायचा, आणि नसेल तर तो भाग बाजूला ढकलला जायचा. त्या कॅमेऱ्याला काय बघायचं ते शिकवणं हे माझं काम. मला वाटलं, स्क्रू काय नि वानर काय. उलट वानर तर हलतं. स्थिर शेतात जे हलतं ते शोधायचं, त्याच्याभोवती चौकट काढायची, चौकटीच्या मधोमध बंदूक वळवायची. सायकलच्या चाकाच्या आसावर फळी बसवली म्हणजे ती डावी-उजवीकडे अलगद फिरू लागली. जुन्या प्रिंटरमधल्या दोन मोटारी, एक बाजूला वळवायला, एक नळी वर-खाली करायला. पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक माझ्याकडे होताच. गाडीची बॅटरी, तिला चार्ज करायला घराच्या कौलांवरचा सोलर. बंदुकीला लागणारा वायू भोरच्या सोडावाल्या चाचांनी भरून दिला. सोड्याच्या बाटलीत जातो तोच वायू. त्यांनी टाकी उलटसुलट करून बघितली, म्हणाले, "बेटी, आजवर मैंने इससे लोगों की प्यास बुझाई, आता तुमी वानर भिजवा." दादाने दाब कमीत कमी ठेवायला शिकवलं. गोळ्यांना दमट हवा सोसत नाही, फुगतात आणि नळीत अडकतात, म्हणून आईने कोरड्या तांदळाच्या पुरचुंड्या करून प्रत्येक डब्यात एकेक टाकली. ती बोलत नव्हती, पण बारा दिवस माझ्याबरोबर पडवीत बसून होती. मी सांगेन तो पाना हातात द्यायची.

आता त्या बारा दिवसांकडे बघते तेव्हा वाटतं, इतकी शांत आणि भरलेली पडवी मी पुन्हा अनुभवली नाही. कौलांवरून पाणी ठिबकायचं. गडाच्या सुवेळा माचीवर ढग बसलेला असायचा आणि मध्येच उठला की माचीतल्या नेढ्यातून पलीकडचं आभाळ दिसायचं. आई वहीत लिहायची, "चा करू?" मी हात न थांबवता मान हलवायचे. चौदा वर्षं जे काम मी दुसऱ्याच्या कुलपांसाठी केलं होतं ते पहिल्यांदा आमच्या घराच्या कामाला येत होतं.

पहिल्या सकाळी कळप उतरला तेव्हा बंदूक चींऽऽ करत वळली आणि फट्ट. मोठा हुप्प्या हवेत दोन हात उडाला. फट्ट, फट्ट. अख्खा कळप झाडावर. मी उड्या मारल्या. आईने टाळ्या वाजवल्या. चार-पाच दिवसांत मी नेम इतका बसवला की पळत्या वानरालाही गोळी लागायची. एका वानराची शेपटी टोकापर्यंत पिवळीधमक झाली. गडावर गेलेल्या कुणा ट्रेकर मुलीने तिचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत आमच्या वाडीतल्या मोबाईलांवर आला. लोक हसले. मीही हसले. मी फोटो आईला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि लिहिलं, "अंगावर नगं. बांधावर मार. लेकुरवाळी हाये ती."

मी म्हटलं, "अगं, रंग आहे नुसता. जातो पाण्याने. लागलं नाही तर ती घाबरणार कशी?" आणि काही बदललं नाही. खरं सांगायचं तर मला त्या नेमाचा अभिमान होता. कुणीतरी मला निरुपयोगी ठरवून घरी पाठवलं होतं, आणि हे यंत्र रोज सकाळी माझ्या बाजूने साक्ष देत होतं.

मग धोंडूतात्यांना गोळी लागली. तात्यांचं शेत आमच्या बांधाला लागून, वय सत्तरीच्या पुढे, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी. आपलं पाणी बघायला ते बांधावरून वाकून चालले होते. यंत्राला वाकून चालणारं काहीतरी दिसलं. फट्ट. पाठीवर गुलाबी रंगाचं भलं मोठं फूल. मी धावत गेले, पाया पडले. तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि घरी गेले. दोन दिवस शेताकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच सदरा घालून आले. पाठीवरचं गुलाबी थोडं फिकट झालेलं.

"सुजाता," ते म्हणाले, "तुज्या त्या बंदुकीचं त्वांड जरा आमच्याकडं बी वळीव की. लई खात्यात हितं."

तेव्हापासून नियम केला की शेतात जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्याला निळं फडकं बांधायचं. निळं दिसलं की बंदूक मान खाली घालायची, असं मी तिला शिकवलं. तात्यांनी टोपीवरूनच निळं फडकं बांधलं. मला वाटलं, झालं, आता काही चुकणार नाही.

संध्याकाळी विहारात मी वाचायचे. मला आईच्या जागी बसवलं होतं. मला वाचताना धाप लागायची, स्वल्पविराम चुकायचे, एका ओळीवरून डोळा दुसऱ्या ओळीवर घसरायचा. आई पहिल्या रांगेत बसायची. मी चुकले की तिचे ओठ हलायचे, आवाजाशिवाय. तिला पुढचं पाठच होतं. मागच्या बायका म्हणायच्या, "मोठ्यानं गं सुजाता." मी मोठ्याने वाचायचे आणि मग आणखी चुकायचे. घरी येताना आई माझ्या पाठीवरून हात फिरवायची. त्या हाताला काही लिहावं लागत नसे.

आश्विन लागून चार-पाच दिवस झाले होते. सकाळी बारीक पाऊस होता. मी पडवीच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. शेतातला कॅमेरा जे बघत होता ते मला पडद्यावर दिसत होतं. हिरव्या शेतात एक हिरवी चौकट उमटली आणि सरकू लागली. आलं वानर, मी मनात म्हटलं. बंदूक वळली. फट्ट. चौकट हलली, वर उठली, जोरजोरात डावी-उजवीकडे होऊ लागली. फट्ट. मला वाटलं, हुप्प्या आज नाचतोय. मी पडद्याकडे बघत होते. शेताकडे बघत नव्हते.

मग चौकट नाहीशी झाली. वानर पळालं तर चौकट कडेपर्यंत सरकत जाते. ही जागच्या जागी विझली. मी मान वर केली.

आई खाचराच्या मधोमध उभी होती. पावसासाठी तिने डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेतली होती आणि निळं फडकं त्या खोळीखाली झाकलं गेलं होतं. तिने हात हलवून मला थांबवायचा प्रयत्न केला होता. ती जितका हात हलवत होती तितकी बंदूक तिच्यावर खिळत होती. तिने हाक मारली असती तर पलीकडच्या वाडीतही ऐकू गेलं असतं. तिने मारली नाही. दुसरी गोळी लागल्यावर ती दगडासारखी थांबली, आणि थांबलेलं काही यंत्राला दिसत नव्हतं.

मी कशी पोचले मला आठवत नाही. तारा उपटल्या एवढं आठवतं. एक गोळी खांद्यावर लागली होती, दुसरी गळ्याच्या चार बोटं खाली. पिवळा रंग तिच्या मानेवर उडून लुगड्यात ओघळत होता. चार बोटं. मी चिखलात गुडघ्यांवर बसले आणि रडले. आईने खोळीच्या टोकाने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःची मान.

घरी आल्यावर मी पाना घेतला आणि बंदूक फळीवरून सोडवायला लागले. सगळं मोडून दादाला परत द्यायचं ठरवलं होतं. आई बाजूला येऊन बसली. गळ्याच्या खाली पाच रुपयाच्या नाण्याएवढा काळानिळा डाग उमटला होता. तिने माझ्या हातातला पाना काढून घेतला, वही उघडली आणि सावकाश लिहिलं.

"मोडू नगो. तिला नेम चुकवायला शिकव."

मी ती ओळ दोनदा वाचली. चौदा वर्षांत मी यंत्रांना अचूक व्हायला शिकवलं होतं. चुकायला कधी शिकवलं नव्हतं, आणि ते जास्त अवघड निघालं. वानर ज्या दिशेने जातंय तिकडे दोन हात पुढे, आणि खाली, बांधाच्या चिखलात गोळी फुटली पाहिजे. म्हणजे ते कुठे जाईल हे आधीपेक्षा नीट कळायला हवं होतं, केवळ त्याला न मारण्यासाठी. उंच, उभं काही दिसलं तर बंदुकीने तोंड फिरवून थांबायचं. आणि बांधाच्या कडेने मी एक सुतळी ओढून घेतली, सबंध खाचराभोवती. कुठूनही ओढली की सगळं बंद. ज्याला हाक मारता येत नाही त्याच्यासाठी. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. चार दिवस लागले. त्यात वानरांनी वरच्या खाचराचा कोपरा खाल्ला. आईने लिहिलं, "खाऊंदे."

पाचव्या दिवशी कळप उतरला. हुप्प्या पुढे. त्याच्या समोर दोन हातांवर चिखल फुटला आणि पिवळा झाला. तो थांबला. वळला. डावीकडे पुन्हा पिवळं. तो मागे सरकून बांधावर बसला, रंगाकडे बघितलं, बोट लावून हुंगलं आणि उठून रानाकडे निघाला. कळप त्याच्यामागे. कुणाच्या अंगाला रंग नव्हता. पोटाला पिल्लू लावलेली, फिकट पिवळ्या शेपटीची ती वानरी सगळ्यात शेवटी गेली. आई बांधावर उभी राहून बघत होती. हातात सुतळी. तिला ती ओढावी लागली नाही.

सहा आठवडे भरले तेव्हा आम्ही भोरला गेलो. डॉक्टरबाईंनी नळी घातली, पडदा माझ्याकडे वळवला. गाठी जवळजवळ बसल्या होत्या. "रोज पाच मिनिटं," त्या म्हणाल्या, "हळू आवाजात. मग वाढवत न्या. ओरडायचं मात्र आता कधीच नाही." आई मानेनेच हो म्हणाली. दवाखान्याबाहेर मी म्हटलं, "बोल की काहीतरी!" तिने एसटी स्टँडच्या गलक्याकडे हात केला आणि नकार दिला. एसटीतही नाही, वडापातही नाही. घरी आल्यावर तिने चहा केला, दोन कप पायरीवर ठेवले, मला शेजारी बसवलं. मोबाईलवर वेळ बघितली आणि तो मांडीवर उलटा ठेवला.

आवाज आला तो मी ओळखला नाही. खोल, खरखरीत, ओला.

"सुजा, रजा संपली न्हाई व्हय गं अजून?"

मी कप खाली ठेवला. "कंपनी हलली, आई. आम्हाला काढलं."

"कवा?"

"इथे यायच्या आधी आठ दिवस."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पिशवीत सोटर व्हता तुजा. रजेवर येनारं मानूस थंडीचे कपडे आनतं का?"

"मग विचारलं का नाहीस? वही होती की."

"असलं लिवून न्हाई इचारायचं. त्वांडानं इचारायचं असतं. म्हनून थांबले." तिने चहाचा घोट घेतला, सावकाश गिळला. "तू आलीस म्हनून बरं झालं. न्हाईतर म्या वरडतच ऱ्हायले असते, आन् आवाज गेला असता. काम गेलं त्येचं वाईट वाटून घिऊ नगंस." मग मोबाईल सरळ करून बघितला. "दोन मिन्टं ऱ्हायली. आता तू बोल. म्या आयकते."

मी बोलायला लागले. शेवटच्या दिवशी गेटवर ओळखपत्र परत घेतलं ते, ज्या कॅमेऱ्यावर मी काम केलं तो खोक्यात भरताना बघितला ते, खोलीचा दरवाजा बंद करून दोन दिवस झोपून राहिले ते. दोन मिनिटांत ते संपणारं नव्हतं. आई ऐकत राहिली. ऐकायला तिला डॉक्टरांनी मुदत घातली नव्हती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचं वाचन संपतं. त्या संध्याकाळी विहार भरला होता. शेवटचं पान मी वाचलं आणि वंदनेसाठी आई उठली. तिने सुरुवात केली तेव्हा मागे हालचाल झाली. मला वाटलं, लोकांना ऐकू येत नाही म्हणून कुजबुज सुरू झाली. वळून बघितलं तर मागच्या बायका उठून पुढे येऊन बसत होत्या, मांडीला मांडी लावून. त्यांच्यामागोमाग म्हातारी माणसं. अर्धा विहार मागून रिकामा आणि पुढे सगळे दाटीने. एवढ्या जवळून तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

दिवाळीनंतर कापणी झाली. विलासदादा आला, धोंडूतात्या आपली माणसं घेऊन आले. नेहमीएवढं भात घरात आलं. नव्या तांदळाचा पहिला भात आईने सोडावाल्या चाचांसाठी डब्यात भरून माझ्याबरोबर पाठवला. त्यांनी डबा तिथेच दुकानात उघडला, नुसता वास घेतला आणि झाकण लावलं. म्हणाले, "घरी सगळ्यांसोबत खाईन." त्याच फेरीत चाचांच्या शेजारच्या गाळ्यात दूध केंद्राचे बिघडलेले काटे दुरुस्त करणारा माणूस गाळा सोडतोय असं कळलं. आज मी त्याच गाळ्यात बसते. दुधाचे काटे, पंपांचे स्टार्टर, कधी कुणाचा रेडिओ. फार नाही, पण माझं आहे. शनिवारी शटर लवकर ओढते आणि एसटी धरते.

बंदुकीचं पुढे काय झालं असं लोक विचारतात. दुसऱ्या वर्षी वानरांनी ओळखलं की ही कधीच लागत नाही. हुप्प्या तर पिवळ्या चिखलावर पाय देऊन पुढे यायला लागला. आई हसली, मीही हसले. आता आम्ही, तात्या आणि खालच्या बाजूचे दोघे मिळून पाळी लावून राखतो, पत्रे वाजवतो, आणि कडेच्या दोन ओळी खातात त्या खातात. बंदूक दादाला परत दिली. निळी फडकी मात्र वाडीत बऱ्याच डोक्यांवर राहिली, उन्हाला बरी पडतात म्हणून.

माझ्या त्या रिकाम्या ऋतूबद्दल मला कुणाकुणाचे आभार मानावेसे वाटतात. पाठीवर गुलाबी फूल घेऊनही परत आलेल्या तात्यांचे. प्रश्न न विचारता माळ्यावर चढलेल्या दादाचे. त्या पिवळ्या शेपटीच्या वानरीचेही, जिने माझा उर्मटपणा अंगावर घेऊन गडापर्यंत नेला. आणि आईचा गळा नि गोळी यांच्यामधल्या त्या चार बोटांचे.

काल शनिवार होता. वडापातून उतरले तर आई खालच्या खाचरात वाकून लोंब्या बघत होती. दोन बोटांत दाणा दाबायचा, दूध आलंय का पाहायचं. मला बघून ती काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. तिचा आवाज आता एका बांधापलीकडे जात नाही. मी बांधावर आले. तिने पुन्हा काहीतरी म्हटलं, हात केला. मला वाटलं काही महत्त्वाचं असेल, म्हणून पटापट चालत, पार तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"काय म्हणालीस?"

"काई न्हाई," आई म्हणाली. "चपला तिकडंच काढ म्हनलं, चिखल हाय."